जुन्या लॅपटॉपची किल्ली कोणाकडे असावी?

दिल्लीच्या दक्षिण भागात, बाह्य वर्तुळ मार्गाला लागून, मुनिरका नावाचे जुने गाव आहे. त्याला गाव म्हणावयाचे ते आता केवळ इतिहासाच्या आधाराने. कारण शेते केव्हाच गेली, आणि त्यांच्या जागी चार-पाच मजली घरांच्या इतक्या दाट रांगा उभ्या राहिल्या की, कित्येक गल्ल्यांत दुपारीही दिवा लावावा लागतो. एका बाजूस जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, थोड्या अंतरावर भारतीय तंत्रज्ञान संस्था, आणि २०१८ पासून जवळच मेट्रोचे स्थानक. त्यामुळे येथील भाड्याच्या खोल्यांत विद्यार्थ्यांची आणि परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची वस्ती मोठी आहे. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत यांतील प्रत्येकाची नसते. एखाद्या कार्यालयाने काही वर्षे वापरून काढून टाकलेले यंत्र नेहरू प्लेसच्या बाजारात स्वस्तात मिळते, आणि पुढे चार-सहा वर्षे ते विद्यार्थ्याचा अभ्यास चालविते. आपल्याकडील शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना देणगीदाखल मिळणारी यंत्रेही बहुधा याच जातीची असतात.

अशा यंत्राच्या बाबतीत एक चमत्कारिक अनुभव वारंवार येतो. त्याचा पडदा ठीक असतो, कळफलक ठीक असतो, आतील प्रक्रियक पुरेसा वेगवान असतो. पण एखादे विशिष्ट काम सांगितले की ते साफ नकार देते. हा नकार त्याच्या धातूचा किंवा सिलिकॉनचा नसतो. यंत्राच्या पोटात साठवलेल्या एका लहानशा आज्ञावलीत निर्मात्याने काही निवडी बंद करून ठेवलेल्या असतात, आणि त्या उघडण्याची जागा मालकाच्या दृष्टीपासून झाकून टाकलेली असते. या निवडींवर अखेरचा अधिकार कोणाचा असावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे मत प्रारंभीच सांगून टाकणे बरे. तो अधिकार यंत्राच्या मालकाचा असावा. त्या वाटेवर धोका असेल तर दाराला उघड दिसणारे कुलूप असावे आणि त्याची किल्ली मालकाला रीतसर मिळावी. दारच भिंतीसारखे रंगवून ठेवणे हा धोक्यावरील उपाय नव्हे.

या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द ॲशर ऑप्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली प्रचारात आणला. यंत्राचा कठीण भाग एकीकडे आणि सहज बदलता येणाऱ्या आज्ञावल्या दुसरीकडे, या दोहोंच्या मधले, काहीसे घट्ट परंतु अगदीच अपरिवर्तनीय नव्हे असे जे असते ते फर्मवेअर. मराठीत त्यासाठी संस्कृत शब्द घडविता येईल. तथापि दुरुस्तीच्या दुकानात जो शब्द चालतो तोच येथे ठेवणे वाचकांच्या अधिक सोयीचे होईल.

लॅपटॉपचे बटण दाबताच प्रक्रियकाला स्मृतीतील काहीही ठाऊक नसते. त्याच्या घडणीतच एक गोष्ट पक्की केलेली असते: जागे होताच चार गिगाबाइटांच्या वरच्या टोकापासून १६ बाइट खाली जी पहिली आज्ञा असेल ती वाचावयाची. त्या पत्त्यावर फर्मवेअर वाट पाहत असते. ते आठ पायांच्या एका चिमुकल्या चिपमध्ये राहते, आणि वीज गेली तरी पुसले जात नाही. स्मृती तपासणे, पडदा आणि कळफलक जागे करणे, पंख्याचा वेग ठरविणे, आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या मोठ्या प्रणालीच्या हाती कारभार सोपविणे ही त्याची कामे. यंत्र सुरू होताना ‘एफ २’ किंवा ‘डिलीट’ ही कळ दाबली असता जो साधा मेनू उघडतो तो या फर्मवेअरचाच होय. पूर्वी या व्यवस्थेला बायोस म्हणत, आणि अद्यापही बोलण्यात तोच शब्द आहे. गेल्या दीड दशकातील यंत्रांत मात्र यूईएफआय नावाची नवी व्यवस्था असते. तिचे नियम ठरविणारी संस्था २००५ साली स्थापन झाली.

हा मेनू नीट पाहिला तर त्यात तारीख, घड्याळ, परवलीचा शब्द आणि कोणत्या तबकडीवरून सुरू व्हावयाचे अशा दहा-पंधराच निवडी दिसतात. प्रत्यक्षात चिपमध्ये अशा निवडी कित्येक शेकडा असू शकतात. याचे कारण समजण्यासारखे आहे. लॅपटॉप तयार करणारी कंपनी फर्मवेअर सामान्यतः मुळापासून लिहीत नाही. अमेरिकन मेगाट्रेंड्स, फीनिक्स, इन्साइड अशा मोजक्या कंपन्या एक मूळ फर्मवेअर तयार करतात आणि ते अनेक निर्मात्यांना पुरवितात. यांपैकी अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी एस. शंकर या भारतीय वंशाच्या अभियंत्याने सहकाऱ्यासह १९८५ साली अमेरिकेत स्थापन केली, आणि तिचे मोठे कार्यालय चेन्नई येथेही आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. मूळ फर्मवेअरमध्ये सर्व तऱ्हेच्या यंत्रांसाठी लागणाऱ्या सर्व निवडी असतात. लॅपटॉपचा निर्माता त्यांतील आपल्याला हव्या तेवढ्या उघड्या ठेवतो आणि बाकीच्या झाकतो.

झाकण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. यूईएफआयमध्ये प्रत्येक निवड एखाद्या छापील अर्जातील रकान्यासारखी लिहिलेली असते, आणि रकान्याला एक अट जोडता येते. ‘ही अट खरी असेल तर हा रकाना दाखवू नये’, अशा अर्थाची ती सूचना असते. अट कायमची खरी करून ठेवली की रकाना मेनूत कधीच येत नाही. परंतु रकाना दिसला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. त्याचे मूल्य चिपमधील एका नोंदवहीच्या ठरलेल्या घरात लिहिलेले असते, आणि यंत्र प्रत्येक वेळी ते घर वाचून त्याप्रमाणे वागते. जाणकार मनुष्य फर्मवेअरची प्रत काढतो, तिच्यातील अर्ज वाचतो, हव्या त्या निवडीचे घर कितवे हे पाहतो, आणि मोठी प्रणाली सुरू होण्यापूर्वी एका छोट्या साधनाच्या साह्याने त्या घरातील शून्याच्या जागी एक लिहितो. मेनू पूर्वीसारखाच दिसत राहतो. निवड मात्र अमलात येते. छुपे सेटिंग उघडणे म्हणजे बहुतेक वेळा एवढेच असते. काही यंत्रांत हे घरही लिहिण्यासाठी बंद केलेले असते. तेव्हा चिपला बाहेरून चिमटा लावून तिच्यातील मजकूरच बदलावा लागतो. दुरुस्तीच्या धंद्यात ज्याला ‘चिप लेव्हल’ काम म्हणतात, त्यातलाच हा एक प्रकार आहे.

निर्माता निवडी का झाकतो, याची त्याच्या बाजूने सांगण्याजोगी कारणे आहेत. काही निवडी त्या यंत्रात नसलेल्या भागांविषयी असतात. काहींमुळे प्रक्रियक प्रमाणाबाहेर तापण्याची भीती असते. काही चुकीच्या लागल्या तर पडदाच सुरू होत नाही, आणि मग ग्राहक यंत्र घेऊन दुकानाच्या दारात उभा राहतो. ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांच्या आडोशाने दुसऱ्याही काही गोष्टी झाकल्या जातात, आणि वाद आहे तो त्यांच्याविषयी.

सोनी कंपनीच्या वायो लॅपटॉपांचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक चालविण्याचे सामर्थ्य इंटेलच्या प्रक्रियकांत २००५-०६ पासून आले होते. वायोच्या अनेक नमुन्यांत असे प्रक्रियक होते. परंतु सोनीने ते सामर्थ्य फर्मवेअरमध्ये बंद ठेवले होते आणि ते सुरू करण्याचा रकाना मेनूत ठेवला नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आले. त्यात जुन्या विंडोज एक्सपीवरील कार्यक्रम चालविण्याची जी सोय होती, तिला नेमके हेच सामर्थ्य लागत असे. महागडे यंत्र घेणाऱ्यांना तेव्हा कळले की, आपण ज्याचे पैसे मोजले ते आपल्या यंत्रात आहे, पण आपल्याला वापरता येत नाही. सुरक्षिततेसाठी असे केले, हे कंपनीचे म्हणणे होते. इकडे वापरणाऱ्यांतीलच काही जाणत्यांनी नोंदवहीतील ते घर शोधून काढले, त्यात योग्य अंक लिहिला, आणि यंत्रे कामास लागली. पुढे मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच त्या सोयीसाठीची ही अट काढून टाकली. ज्या यंत्रांना काल अपात्र ठरविले ती आज पात्र झाली, आणि मधल्या काळात त्यांच्या धातूत काडीचाही फरक पडलेला नव्हता!

दुसरे उदाहरण थिंकपॅड या नावाजलेल्या लॅपटॉपचे. त्याच्या कित्येक जुन्या नमुन्यांच्या फर्मवेअरमध्ये बिनतारी जोडणीच्या मान्य कार्डांची एक यादी असे. मूळ कार्ड बिघडले म्हणून यादीबाहेरचे दुसरे बसविले, तर यंत्र सुरू होतानाच ‘१८०२’ या क्रमांकाची चूक दाखवून अडून बसे. बिनतारी संदेशवहनाचे सरकारी नियम पाळण्यासाठी यादी हवी, असे अशा याद्यांचे समर्थन केले जाते, आणि त्यात काही तथ्यही आहे. तथापि व्यवहारात परिणाम असा होतो की, बाजारात सहज मिळणारे चांगले कार्ड हाती असूनही ग्रंथालयाचे यंत्र जाळ्याला जोडता येत नाही.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. फर्मवेअर हा यंत्राचा पाया आहे. तेथे कोणालाही हात घालू दिला तर अनर्थ होईल, असे पुष्कळ जाणते लोक म्हणतात. त्यांच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने जगभरातील, विशेषतः आशियातील, संगणकांचा मोठा नाश केला. तैवानमधील चेन इंग-हौ या विद्यार्थ्याने लिहिलेला हा विषाणू तबकडीवरील मजकूर तर पुसत असेच, पण काही यंत्रांत फर्मवेअरच्या चिपवर निरर्थक मजकूर लिहून ते यंत्र सुरूच होऊ नये अशी अवस्था करीत असे. २०१८ साली लोजॅक्स नावाची घातक आज्ञावली उघडकीस आली. ती यूईएफआयच्या चिपमध्येच बिऱ्हाड करी, आणि तबकडी बदलली तरी जात नसे. आणखी एक मुद्दा चोरीचा. फर्मवेअरला लावलेला परवलीचा शब्द कोणालाही काढता येऊ लागला, तर चोराचे काम सोपे होईल.

हा आक्षेप मान्य करूनही एक प्रश्न उरतो. छुपा मेनू यांतील कोणत्या संकटापासून आपले रक्षण करतो? विषाणू मेनू उघडून रकाने भरीत बसत नाही. तो सरळ चिपवर लिहितो. त्याला थांबविते ते चिपवर लिहिण्याचा मार्ग बंद करणारे कुलूप, किंवा मजकूर अस्सल आहे की नाही हे पाहणारी स्वाक्षरीची तपासणी. ही दोन्ही साधने उघड आहेत. ती आहेत हे सर्वांस ठाऊक असूनही ती काम देतात. उलट झाकलेला रकाना फक्त त्यालाच अडवितो, जो प्रामाणिकपणे मेनूत शोध घेतो आणि निराश होऊन परत फिरतो. ज्याला वाईट करावयाचे आहे त्याला तो रकाना पाच मिनिटांत सापडतो. सुरक्षितता आणि गुप्तता या दोन गोष्टींची गल्लत करू नये, हे संगणकशास्त्रातील जुने तत्त्व आहे. चांगल्या कुलपाची रचना शत्रूला ठाऊक असली तरी हरकत नसते. किल्ली मात्र त्याच्याकडे असू नये.

असे उघड कुलूप आणि रीतसर किल्ली देता येते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात या खेड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचे नाव एक्सओ. त्याची ताकद आजच्या मानाने नगण्य, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक आणि २५६ मेगाबाइट स्मृती. परंतु त्याच्या आराखड्यामागील विचार आजही शिकण्यासारखा आहे. गरीब मुलाच्या हातातील यंत्र चोरीस जाऊ नये म्हणून त्याचे फर्मवेअर कुलूपबंद ठेवण्याची योजना होती. त्याच वेळी, ज्याला यंत्राच्या अंतरंगात शिरून शिकावयाचे आहे त्याने मागणी करताच त्याला त्याच्या यंत्रापुरती खास किल्ली द्यावयाची, असेही ठरले होते. मागणी आणि किल्ली यांच्यामध्ये १४ दिवसांचे अंतर ठेवले होते. हेतू हा की, यंत्र चोरलेले असेल तर तेवढ्या अवधीत मूळ मालकाची तक्रार नोंदली जावी. कळफलकावर तर अशी एक कळ दिलेली होती की, ती दाबली असता चालू असलेल्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर वाचावयास मिळावा.

एक्सओची योजना इतर अनेक कारणांनी अपेक्षेप्रमाणे पसरली नाही, आणि ती निर्दोष होती असेही कोणी म्हणणार नाही. पण कुलूप कशासाठी हे सांगितले, ते कोठे आहे हे दाखविले, आणि किल्ली मिळविण्याची वाट मुलालाही समजेल अशी ठेवली, ही तिची तीन वैशिष्ट्ये कोणत्याही नव्या यंत्राला लाजविणारी आहेत. पुढे क्रोमबुक या लॅपटॉपांत निराळ्या रीतीने हेच साधले गेले. त्यांच्या अनेक जुन्या नमुन्यांत आतील एक स्क्रू काढल्याखेरीज फर्मवेअर बदलता येत नसे. दुरून येणाऱ्या विषाणूला स्क्रू काढता येत नाही. टेबलाशी बसलेल्या मालकाला येतो. इतक्या साध्या युक्तीने दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या.

संगणकाच्या इतिहासाकडे पाहिले तर गुप्तता ही काही त्याची कुळपरंपरा नव्हे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक माहितीच्या ग्रंथात बायोसचा संपूर्ण मजकूर छापून दिला होता. त्यावरचा स्वामित्वहक्क कंपनीने राखून ठेवला होता. वाचण्याचा हक्क मात्र खरीदणाऱ्याला दिला होता. १९९९ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी मुक्त फर्मवेअरचा प्रकल्प सुरू केला. आज कोअरबूट या नावाने तो चालू आहे, आणि वर सांगितलेल्या क्रोमबुकांत त्याचाच उपयोग होतो. तेव्हा उघडे फर्मवेअर हे काही हौशी मंडळींचे स्वप्न नव्हे. लक्षावधी यंत्रे त्यावर चालली आहेत.

हा वाद आता केवळ जाणकारांचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ घ्यावयाची तर यंत्रात टीपीएम नावाचा सुरक्षा-घटक, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा, असावा लागतो. अनेक लॅपटॉपांत हा घटक वेगळी चिप म्हणून नसतो, तर फर्मवेअरच्या आश्रयानेच राहतो. इंटेलच्या यंत्रांत त्याला पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम म्हणतात. कित्येक यंत्रांत तो उपलब्ध असूनही बंद ठेवलेला असतो, आणि मेनूत त्याचे नाव अशा ठिकाणी व अशा संक्षेपाने असते की, शिक्षकाला ते ओळखू येऊ नये. मग ‘हे यंत्र अपात्र आहे’ एवढेच वाक्य पडद्यावर उमटते, आणि शाळा यंत्र मोडीत काढते.

येथे अतिशयोक्ती करणे योग्य होणार नाही. विंडोज ११ साठी मान्य प्रक्रियकांचीही यादी आहे, आणि इंटेलच्या बाबतीत ती साधारणतः २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीच्या यंत्रांना टीपीएम सुरू करूनही अधिकृत प्रवेश मिळत नाही. अशा यंत्रांसाठी लिनक्सची वाट आहे, आणि ती चांगली वाट आहे. आपल्याच सीडॅक या संस्थेने बॉस नावाची लिनक्स प्रणाली २००७ पासून भारतीय भाषांसह उपलब्ध केलेली आहे. परंतु त्या वाटेवरही पहिले दार फर्मवेअरचेच असते. देणगीत आलेल्या यंत्राला पूर्वीच्या कार्यालयाने परवलीचा शब्द लावून ठेवलेला असला आणि तो सांगणारे कोणी उरलेले नसले, तर बाहेरच्या पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली बसविणेही अडते. देणाऱ्याने देण्यापूर्वी हा शब्द काढून टाकणे, हे पुस्तकावरील जुन्या ग्रंथालयाचा शिक्का रद्द करण्याइतकेच आवश्यक कर्तव्य समजले पाहिजे.

मोडीत निघालेल्या यंत्राचे पुढे काय होते, हे दिल्लीकरांना सांगावयास नको. यमुनेपलीकडील सीलमपूर भागात जुन्या संगणकांची तोडफोड करून त्यांतील धातू काढण्याचा मोठा धंदा चालत आलेला आहे. तारा जाळून आणि पट्ट्या तेजाबात बुडवून तांबे व सोने मिळविणाऱ्यांच्या फुप्फुसांत काय जात असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, आणि त्यांत उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकलेली आहे. हे ठीकच झाले. पण जे यंत्र एका रकान्याच्या बदलाने आणखी पाच वर्षे चालले असते, ते उत्तम रीतीने वितळविणे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे.

कायद्याची दृष्टी या बाबतीत अगदीच प्रतिकूल नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने अशी तरतूद झाली की, कायदेशीररीत्या हाती आलेली संगणक आज्ञावली कशी चालते हे तिच्यामागील तत्त्वे समजून घेण्यासाठी पाहणे, अभ्यासणे आणि तपासणे हा हक्कभंग होत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्ती म्हटली की सामान्यतः सुटे भाग, बॅटरी आणि पडदा यांचा विचार होतो. माझे म्हणणे असे की, फर्मवेअरमधील निवडींचे वर्णन हाही दुरुस्तीच्या माहितीचाच भाग मानला जावा. निर्मात्याने प्रत्येक नमुन्याच्या निवडींची अर्थासह यादी प्रसिद्ध करावी. कोणती निवड कोणत्या कारणासाठी बंद आहे हे सांगावे. आणि त्या नमुन्याचा आधार बंद करताना अखेरची जी आवृत्ती काढावयाची, तिच्यात मालकाला सर्व निवडी पाहण्याची व बदलण्याची सोय ठेवावी. ज्या यंत्राची जबाबदारी कंपनीने सोडली, त्यावरील ताबा तिने धरून ठेवावा हे न्यायाला धरून नाही.

हे होईपर्यंत शाळांनी आणि ग्रंथालयांनी काय करावे? पहिली गोष्ट ही की, छुप्या निवडींच्या मागे लागण्यापूर्वी उघड मेनू शेवटपर्यंत वाचावा आणि निर्मात्याने दिलेली नवी आवृत्ती पाहावी. पुष्कळ वेळा काम तेथेच होते. प्रत्येक पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे. विंडोजने तबकडी बिटलॉकरने बंद केलेली असेल, तर तिची पुनःप्राप्ती-किल्ली आधी कागदावर लिहून घ्यावी. नाहीतर टीपीएममध्ये फरक होताच यंत्र ती किल्ली मागू लागते आणि सर्व मजकूर अडकतो.

छुपी निवड बदलावयाचीच असेल, तर ती जाणकाराच्या देखरेखीखाली, आणि चिपमधील मजकुराच्या दोन प्रती काढून त्या परस्परांशी ताडून पाहिल्यावरच बदलावी. फर्मवेअरची आवृत्ती बदलली की नोंदवहीतील घरांचे क्रमांकही बदलू शकतात. दुसऱ्याच्या यंत्रासाठी सांगितलेला क्रमांक आपल्या यंत्रात लिहिणे म्हणजे शेजाऱ्याच्या औषधाची पुडी उघडून घेणे होय. एका वेळी एकच बदल करावा, आणि संस्थेजवळ एकच यंत्र असेल तर हा प्रयोग त्यावर मुळीच करू नये. २०१३ नंतरच्या काही यंत्रांत फर्मवेअरची स्वाक्षरी प्रक्रियकच तपासतो. तेथे चिपमधील मजकूर बदलला असता यंत्र सुरूच होत नाही, हेही ध्यानात असावे. जे बदलले त्याची तारखेसह नोंद यंत्राच्या पाठीवर चिकटवावी, म्हणजे पुढील शिक्षकाला ते नव्याने शोधावे लागणार नाही.

या शेवटच्या सूचनेला मी विशेष महत्त्व देतो. आज अशी माहिती असते ती दुरुस्तीच्या दुकानातील एखाद्या कुशल कारागिराच्या हातात. दुकान बंद झाले की ती नाहीशी होते. पूर्वी वैद्यांच्या आणि कारागिरांच्या कितीतरी विद्या अशाच लोपल्या. विज्ञानाचा मार्ग याच्या उलट आहे. जे कळले ते लिहावयाचे, दुसऱ्याला पडताळू द्यावयाचे आणि चुकले असेल तर दुरुस्त करावयाचे, या एकाच सवयीवर त्याची इमारत उभी आहे. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आपल्या भागातील शाळांत असलेल्या लॅपटॉपांच्या नमुन्यांची एक वही ठेवावी, आणि तिच्यात कोणत्या नमुन्यात काय चालले, काय चालले नाही, हे साध्या मराठीत नोंदवावे. हे काम खर्चाचे नाही, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.